डब्यात बसवण्याआधी वाजवून बघा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला तेव्हा कळलं, की प्रत्येकाने आपापल्या विषयावर वीस मिनिटं बोलायचं आहे. डॉक्टर झालेले मधुमेहावर बोलणार, बँकेतले निवृत्तीनंतरच्या गुंतवणुकीवर. "आणि तू?" मी म्हणालो, "गिटारच्या पेडलवर. ते घरी कसं बनवायचं, यावर." पलीकडे जरा वेळ शांतता. मग प्रश्न आला, "गिटारला सायकलचं पेडल कशाला लागतं?"

तेव्हा तिथूनच सुरू करतो. पेडल म्हणजे साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी, जाड पत्र्याची पेटी. इलेक्ट्रिक गिटारची वायर तिच्यात एका बाजूने शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडून अॅम्प्लिफायरकडे जाते. वर एक मजबूत बटण असतं, ते पायाने दाबायचं, कारण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. दाबलं की आवाज बदलतो. कधी मोठा होतो, कधी खरखरीत, कधी विहिरीतून आल्यासारखा. १९७१ च्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची गिटार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गिटारच्या आवाजाला धार आली की काय होतं, हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

मी व्यवसायाने इन्स्ट्रुमेंटेशनमधला माणूस. कारखान्यातले दाब आणि तापमान मोजणारे मीटर सांभाळतो. पेडल बनवणं हा संध्याकाळचा उद्योग. पण हा विषय घेतला तो माझ्या हौसेसाठी नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत या वर्गातल्याच पाच-सहा जणांनी मला विचारलं आहे, "अरे, पोराने गिटार घेतली, ठीक आहे. आता पेडल मागतोय, आणि वर म्हणतोय की विकत नको, मी घरीच बनवतो. करू देऊ का?" त्यांना फोनवर तुकड्यातुकड्याने जे सांगितलं, ते आज एकत्र सांगतो.

आधी जरा घाट चढून जाऊ. पसरणीचा घाट चढलं की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर झांझिबारहून आठ वर्षांचा एक पारशी मुलगा शिकायला आला. फारुख बलसारा त्याचं नाव. बाराव्या वर्षी त्याने शाळेतल्या मुलांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला, हे आपल्याकडे आता सगळ्यांना ठाऊक आहे. पाचगणीला जाणारे पर्यटक त्याची शाळा विचारतात. त्याच्या 'क्वीन' बँडच्या आवाजामागचं भंगार मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

त्या बँडचा गिटारवादक ब्रायन मे. त्याने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने आपली गिटार घरी बनवायला घेतली. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले होते. गिटारचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, पट्टीवरच्या खुणा आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. ही गिटार तो आयुष्यभर वाजवत आला. आणि बास वाजवणारा जॉन डीकन, जो इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन आला होता, त्याला १९७२ च्या सुमारास लंडनमध्ये कचऱ्याच्या मोठ्या पेटीत एक टाकून दिलेलं सर्किट सापडलं. त्याने ते एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवलं. 'गुड कंपनी' या १९७५ च्या गाण्यात अख्खा जाझ वाद्यवृंद वाजतोय असं वाटतं. ते सगळे आवाज मे यांची गिटार आणि हे खोकं यांनी काढलेले आहेत. मला या गोष्टीत सर्वांत आवडतं ते हे, की त्या खोक्यात काहीही खास नव्हतं. दहा-वीस रुपयांच्या भागांचं सर्किट, पण हातात घेऊन वाजवून बघणारा माणूस होता.

खरखरीत आवाजाची कथाही अशीच. अमेरिकेत नॅशव्हिलला एका रेकॉर्डिंगच्या वेळी मिक्सरचा एक चॅनेल बिघडला आणि गिटारचा आवाज फाटका आला. ते गाणं १९६१ मध्ये तसंच बाजारात आलं आणि लोकांना आवडलं. मग ध्वनिमुद्रकाने तो बिघाड मुद्दाम करणारं सर्किट बनवलं. १९६२ मध्ये ते 'फझ-टोन' नावाने विकायला आलं आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मुळे जगभर गेलं.

हे सांगितलं की आपल्याकडची गाणं शिकलेली मंडळी नाक मुरडतात. सूर मुद्दाम बिघडवायचा? त्यांना मी मिरजेला नेतो, म्हणजे निदान बोलण्यात तरी. मिरजेच्या सतारमेकर मंडळींची तंबोरे बनवण्याची परंपरा दीडशेहून अधिक वर्षांची. २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची घोडी बघा. गिटारच्या घोडीसारखी तिला धार नसते. ती रुंद आणि किंचित उतरती असते. तार कंप पावताना त्या उताराला घासत राहते आणि मूळ सुराच्या वरचे बारीक सूर उमटवते. तारेखाली सुती दोरा सरकवून ते हवे तसे आणायचे, यालाच आपण जवारी लावणं म्हणतो. जवारी नसलेला तंबोरा कुणालाही चालत नाही. पेडलमध्ये लाकडाच्या उताराचं काम ट्रान्झिस्टर आणि डायोड करतात. आवाजाच्या लाटेचा शेंडा ते कापतात, आणि कापलेल्या लाटेतून तेच, वरचे सूर बाहेर पडतात. पद्धत वेगळी, भूक तीच. मिरजेचा कारागीर जवारी एका दिवसात शिकत नाही. पेडलचं मात्र पहिलं काम एका रविवारी होतं.

आता मुद्द्यावर येतो.

पहिला सल्ला: पहिलं पेडल फझचं नको, एकोचं तर मुळीच नको. पहिलं पेडल बूस्टरचं करा. म्हणजे काय, तर आवाज फक्त मोठा करणारं. न्यूयॉर्कच्या माइक मॅथ्यूज यांच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस 'एलपीबी-१' नावाचा बूस्टर काढला. त्यात एकच ट्रान्झिस्टर आहे. पॉवरचा फिल्टर धरूनही सगळे मिळून दहा भाग होतात. ते दहा भाग आपल्या दहावीच्या विज्ञानाला झेपतात, फक्त नावं बदलली आहेत. विश्वकोशाच्या गावात बोलतोय म्हणून सांगतो, रेझिस्टर म्हणजे रोधक आणि कपॅसिटर म्हणजे धारित्र. पण पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन धारित्र मागू नका, दुकानदार तुम्हाला भांड्यांच्या दुकानाकडे पाठवेल.

मूळ सर्किटमध्ये ४३० के आणि ४३ के असे दोन रेझिस्टर आहेत. आपल्याकडच्या दुकानात ते सहज मिळत नाहीत, म्हणून पोरं तिथेच अडतात. ४७० के आणि ४७ के घ्या. दोघांचं प्रमाण तेच राहतं, आणि ट्रान्झिस्टरला फक्त प्रमाणाशी घेणं आहे. त्यांच्यामुळे ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला, म्हणजे बेसला, पाऊण व्होल्टच्या आसपास मिळतं. कलेक्टरवरून वर १० के, एमिटरवरून खाली ३९० ओम. दहा हजाराला ३९० ने भागा, साधारण पंचवीस येतात. प्रत्यक्षात वीसेक पट आवाज वाढतो. आत येताना आणि बाहेर जाताना ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर, त्यावर '१०४' असं छापलेलं असतं. शेवटी १०० केचा व्हॉल्यूम कंट्रोल, लॉग प्रकारचा. बटण दाबताना 'टक्' होऊ नये म्हणून आत येणाऱ्या तोंडाशी एक मेगाओमचा रेझिस्टर. बॅटरीच्या दोन टोकांत १०० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, तो लावताना अधिक-उणे बघून. एवढंच.

ट्रान्झिस्टरबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. परदेशी आकृतीत टूएन ५०८८ लिहिलेला असतो. आपल्या दुकानात दोन-तीन रुपयांना मिळतो तो बीसी ५४७. तो इथे झकास चालतो, पण त्याचे पाय उलट्या क्रमाने आहेत. सपाट बाजू आपल्याकडे करून डावीकडून वाचलं तर टूएनचे पाय एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि बीसीचे कलेक्टर, बेस, एमिटर. आकृतीत दाखवल्याच्या नेमका उलटा फिरवून लावायचा. दुकानदार "एकच आहे, लावा" म्हणतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे.

हे सगळं आधी ब्रेडबोर्डवर करा. त्याला सोल्डरिंग लागत नाही, वायरी नुसत्या खोचायच्या. मग मल्टिमीटर घ्या. तीन-चारशे रुपयांचा पुरेल, मात्र कंटिन्युइटीला बीप करणारा हवा. काळी तार उण्याला लावून कलेक्टरवर मोजा. साडेचार ते सहा व्होल्टच्या दरम्यान आलं तर ट्रान्झिस्टर शुद्धीवर आहे. नऊ आलं तर तो झोपलेला आहे, शून्याजवळ आलं तर कुठेतरी शॉर्ट. गिटार लावण्याआधीच हे कळतं. डॉक्टर मंडळी, तुम्ही नाडी बघता ना, तसंच आहे हे.

ब्रेडबोर्डवर असतानाच खेळून घ्या. आत येणारा ०.१ चा कपॅसिटर काढून ०.०१ चा लावा. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ८२ वेळा कंप पावते. ०.१ चा कपॅसिटर तिला सुखाने आत सोडतो, ०.०१ चा दारातच अडवतो आणि पातळ तारांचा टणत्कार तेवढा पुढे जातो. झाला तुमचा ट्रेबल बूस्टर, ब्रायन मे वापरायचा त्या जातीचा. मग बाहेर जाणाऱ्या कपॅसिटरनंतर, व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी, वनएन ४१४८ जातीचे दोन डायोड एकमेकांना उलटे करून जमिनीला जोडा. लाट ०.६ व्होल्टच्या वर गेली की तिचा शेंडा उडतो. झालं डिस्टॉर्शन. डायोडच्या जागी दोन लाल एलईडी लावले तर कापणं उशिरा सुरू होतं आणि आवाज मोकळा राहतो. चार रुपयांत चार पेडल ऐकून होतात. विकतच्या पेडलमध्ये ही मजा नाही.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यात. पंचवीस वॅटची आयर्न, रेझिनवाली बारीक सोल्डर वायर. आयर्नने सोल्डर वितळवून जोडावर थापायचं नाही. आधी बोर्डावरची गोल टिकली आणि भागाचा पाय दोन्ही तापवायचे आणि मग सोल्डर त्यांना लावायचं, ते आपोआप पसरतं. दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. जोड चकचकीत दिसला तर पास, राखाडी आणि गोळा झाला तर ड्राय सोल्डर. ड्राय सोल्डर म्हणजे कच्च्या भाजलेल्या भाकरीसारखी, वरून बरी दिसते. खिडकी उघडी ठेवायची. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा वायर दातात धरायची नाही आणि हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही. हे घरी दहा वेळा सांगा.

आता इथे थोडा थांबतो, कारण पुढचं सांगण्यासाठी मी एकीची परवानगी घेतली आहे. ती आणि तिची आई दोघी या सभागृहात आहेत. आई आपल्या वर्गातली, त्यामुळे नाव घेत नाही. तुम्ही ओळखालच.

दोन वर्षांपूर्वी तिचा फोन आला. म्हणाली, "तू वाईला कधी येतोस? पोरीचं काहीतरी बिनसलंय." लेक दहावीला होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचा असं सातवीपासून म्हणत होती. वाढदिवसाच्या पैशांतून तिने पेडलचे भाग मागवले, स्वतः सोल्डर केले, डब्यात बसवले, गिटार लावली. आवाज नाही. बॅटरी बदलली, वायर बदलली, तरी आवाज नाही. घरातलं कुणीतरी सहज बोलून गेलं, "राहू दे ना, हे तुझं काम नव्हे." पोरगी काही बोलली नाही. पेडल कपाटाच्या खालच्या कप्प्यात गेलं आणि तिथे सात महिने राहिलं. मध्यंतरी डिप्लोमाचं नावही बंद झालं. विचारलं की म्हणायची, "मला ते जमत नाही, मी बघितलंय करून."

कृष्णाबाईच्या उत्सवाला मी आलो तेव्हा त्यांच्या घरी गेलो. मी आयर्न नेली नव्हती, मुद्दाम. तिला म्हणालो, झाकणाचे चार स्क्रू काढ आणि सगळं उघडं ठेवून गिटार लाव. ती म्हणाली, "काका, उपयोग नाही." तरी काढले. तार छेडली आणि पेडल वाजलं. खणखणीत, मूळ आवाजाच्या कितीतरी पट. आतून तिची आजी बाहेर आली, काय फुटलं बघायला.

मग म्हणालो, आता झाकण हळूहळू दाब. दाबलं, आवाज गप्प. सोडलं, परत सुरू. पुढचं मी काही केलं नाही. तिने मल्टिमीटर बीपवर ठेवला आणि एक टोक झाकणाला लावून दुसरं बोर्डाच्या पाठीवर फिरवत बसली. दहा मिनिटांत सापडलं. एका रेझिस्टरचा पाय कापताना दोन मिलिमीटर लांब राहिला होता. झाकण बंद झालं की तो पत्र्याला टेकायचा आणि आवाज थेट जमिनीत जायचा. तिने पाय कापला, प्लॅस्टिकच्या फायलीचा एक तुकडा कापून मध्ये घातला, स्क्रू आवळले. चाललं.

सात महिने ते पेडल कपाटात होतं आणि त्यातलं सर्किट पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. भागांबरोबर आलेल्या कागदात 'आता डब्यात बसवा' ही पायरी 'आता वाजवून बघा'च्या आधी लिहिलेली होती, त्याची ही किंमत. ती मुलगी आता कराडला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आज दुपारी तिने एक टेबल सांभाळायचं कबूल केलं आहे.

म्हणून माझं सगळ्यांत आग्रहाचं सांगणं हे: डब्यात बसवण्याआधी वाजवून बघा. ब्रेडबोर्डवर वाजवा, सोल्डर केल्यावर वाजवा, डब्यात ठेवल्यावर झाकण न लावता वाजवा, मग झाकण लावून वाजवा. कुठल्या पायरीला गप्प झालं ते कळलं, की बिघाड तिथेच असतो.

आणि पालकांनो, पेडल वाजलं नाही तर लगेच "चल, विकत आणू" म्हणू नका, आणि पोराच्या हातून आयर्न काढून घेऊन स्वतःही करू नका. आपल्यातले जे इंजिनीअर आहेत त्यांना हे फार अवघड जातं, मला माहीत आहे. सरांनी नववीत आम्हाला विजेची घंटा करायला लावली होती. वाजत नसलेल्या घंटेजवळ सर यायचे, बघायचे, "हं" म्हणायचे आणि पुढच्या टेबलाकडे जायचे. तेव्हा राग यायचा. त्या 'हं'ची किंमत मला नोकरीत कळली, सर.

बिघाड शोधण्याचं एक साधन घरीच होतं, ते जरूर करून घ्या. जुन्या गिटारच्या वायरचं एक टोक कापा. आतली तार ०.१ च्या कपॅसिटरला जोडा, कपॅसिटरच्या दुसऱ्या पायाला एक जाड सुई. वायरची बाहेरची जाळी चिमट्याने सर्किटच्या उण्याला. दुसरं टोक अॅम्प्लिफायरमध्ये. गिटार कुणालातरी वाजवायला सांगा आणि सुई एकेका जोडाला टेकवत जा. जिथपर्यंत आवाज येतो तिथपर्यंत सर्किट ठीक, जिथे थांबतो तिथे चोर. मी याला आवाजाचा टेस्टर म्हणतो. पण हा फक्त बॅटरीवरच्या सर्किटला. भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या कशालाही ती सुई लावायची नाही.

डब्याकडे वळतो. डबा धातूचाच हवा, प्लॅस्टिकच्या डब्यात ट्यूबलाइटची गुणगुण शिरते. स्टीलच्या पोळीच्या डब्यावर डोळा ठेवू नका. एक तर आई रागावेल, दुसरं म्हणजे स्टील ड्रिलला दाद देत नाही. ओतीव अॅल्युमिनिअमची पेटी मिळते ती घ्या. आधी पंच मारून खूण करायची, तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं, मग वाढवत न्यायचं. फूटस्विचला बारा मिलिमीटर, व्हॉल्यूम कंट्रोलला सात, जॅकला साडेनऊ ते दहा. कडा कानशीने मारून घ्या. ड्रिल हा मोठ्या माणसाने शेजारी उभं राहून करण्याचा भाग आहे. नाहीतर आपल्या एमआयडीसीत कुणा ओळखीच्या शेडमध्ये दहा मिनिटांत होतं. आणि एक गंमत लक्षात ठेवा. पेडलवरून बघताना गिटारची वायर उजवीकडून आत येते आणि डावीकडून बाहेर जाते. डबा उलटा करून आतून जोडताना उजवं-डावं बदलतं. भोकं पाडण्याआधी कागद चिकटवून त्यावर 'आत' आणि 'बाहेर' लिहा.

आत येणारा जॅक स्टिरिओ घ्या. गिटार मोनो असते, मग स्टिरिओ कशाला? बॅटरीचं उणं टोक त्या जॅकच्या मधल्या कडीला जोडलं की वायर खोचल्यावरच बॅटरी चालू होते. वेगळं बटण लागत नाही. मात्र वाजवून झालं की वायर उपटून ठेवायची. या बूस्टरला अर्ध्या मिलिअँपिअरपेक्षाही कमी लागतात. चालू असल्याचं दाखवणारा एलईडी एकटा त्याच्या तिप्पट खातो. दिव्याला ४.७ केचा रेझिस्टर लावा, उगाच दिवाळी नको.

अॅडॉप्टर वापरायचा असेल तर सावध. गिटारच्या पेडलांच्या रिवाजात मधली पिन उणे असते आणि बाजारातल्या बऱ्याच साध्या अॅडॉप्टरांत ती अधिक असते. मीटरने बघितल्याशिवाय खोचू नका. आणि ट्रान्सफॉर्मर नसलेला, थेट भिंतीतून वीज घेणारा घरगुती जुगाड इथे अजिबात नको. गिटारच्या तारा धातूच्या, त्यावर पोराचे दोन्ही हात. अॅम्प्लिफायरची तीन पिनांची वायर दोन पिनांची करू नका. जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर कुणाकडे असेल तर तो पोरांना उघडू देऊ नका. त्यात तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात. नऊ व्होल्टची बॅटरी कुणाला काही करत नाही, म्हणून तर सुरुवात तिथून.

शेवटची विनंती, तीही तुमच्या माळ्यांबद्दल. आपल्या लहानपणी पेठेत रेडिओ दुरुस्तीची दुकानं होती. ती गेली, पण घराघरांत जुने ट्रान्झिस्टर रेडिओ अजून आहेत. भंगारवाल्याला देण्याआधी मागचं झाकण उघडून बघा. आत एसी १२८, एसी १८७, एसी १८८ असं लिहिलेल्या छोट्या धातूच्या टोप्या दिसल्या तर मला फोन करा. ते जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत. साठच्या दशकातले नावाजलेले फझ पेडल अशा ट्रान्झिस्टरांवरच चालायचे, आणि जगभरची पोरं आज ते शोधत फिरतात. नवशिक्याने मात्र त्यांच्या नादी लागू नये. ते लहरी असतात, ऊन वाढलं की त्यांची गळती वाढते आणि जानेवारीत जुळवलेलं पेडल मे महिन्यात वेगळंच बोलतं. पण तीन-चार बूस्टर झाले, की एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हातात आजोबांच्या रेडिओतला ट्रान्झिस्टर द्यायला मला फार आवडेल. आणि रेडिओ चालू असेल तर कृपा करून उघडू नका, आकाशवाणी ऐका.

प्रयोगशाळेत सहा टेबलं मांडली आहेत. आठवी-नववीची बारा मुलं-मुली बसणार आहेत, प्रत्येक टेबलावर दोघं, सोबत आपल्यापैकी एकेक जण. सर, तुम्ही फक्त फिरा आणि "हं" म्हणा. आयर्न तापायला पाच मिनिटं लागतात, तेव्हा माझं बोलणं संपलं की लगेच चालू करू. चहा बाहेरच्या व्हरांड्यात ठेवलाय. कुणीही कप आत आणू नका, आणि बाहेर आलात की आधी नळावर हात धुवा.